जुनं बकेट घेताना

उन्हाळ्यात आपल्या केळझरकडं उकिरडे उपसायचं काम निघतं. टोपल्या वाहून माना गेल्या आपल्या. म्हणून ट्रॅक्टरच्या लोडरचं जुनं बकेट गटानं घ्यावं, असं मनात येतं. घ्या, पण आधी वाकून बघा. खालचं पातं झिजलंय का, कोपऱ्यातल्या वेल्डिंगला चीर आहे का, पिना खडखडतात का. ताजा रंग दिलेला असला तर जास्तच बघा, रंगाखाली चीर लपते.

शेणखत, रेती, पऱ्हाट्यांचा ढीग हलवायला ते चांगलं. वाळलेली काळी माती खणायला नाही, पातं वाकतं. एक घनमीटर पाणी १००० किलो भरतं, ओली माती त्याहून जड. भरलेलं बकेट उंच उचललं की मागची चाकं हलकी होतात, उतारावर ट्रॅक्टर कलंडतो. म्हणून ते जमिनीलगत ठेवूनच चालवायला सांगा, अन् मागं वजन बांधायला लावा.

आणि चिंचा झोडायला बकेटात कुणी चढायचं नाही. माझ्या जावेला मीच एकदा चढवलं होतं. तेलाचा पाइप फुटला, बकेट धाडकन खाली आलं. ती अजून लंगडते.