त्र्याऐंशी ओळींचा तक्ता



मशीन लर्निंग म्हटलं की लाखो फोटो आणि कोट्यवधी वाक्यं डोळ्यांसमोर येतात. सॉफ्टवेअरच्या ऑफिसातला नेहमीचा प्रश्न मात्र साधा असतो: या कामाला किती माणसं लागतील, किती महिने? तो मशीनला शिकवायचा, तर पूर्ण झालेला प्रत्येक प्रकल्प म्हणजे तक्त्यातली एक ओळ. एक ओळ भरायला कधी दोन वर्षं जातात! शिवाय आपला खरा खर्च दुसऱ्याला दाखवायला कोण तयार होतो?

अमेरिकेत बॅरी बोएम यांनी १९८१ साली 'कोकोमो' हे अंदाजाचं गणित मांडलं, ते ६३ प्रकल्पांच्या जोरावर. नव्वदच्या दशकात त्याची नवी आवृत्ती करायला घेतली, तेव्हा हाती होते ८३ प्रकल्प. आणि श्रम वाढवणारी-घटवणारी कारणं २२. एका कारणाच्या वाट्याला जेमतेम चार ओळी.

गणितातून एक चमत्कारिक गोष्ट निघाली. कोड पुढच्या प्रकल्पांतही वापरता येईल असा लिहिला, तर म्हणे श्रम कमी होतात! असा कोड लिहिलेल्या कुणालाही विचारा. जास्तीच्या चाचण्या, सविस्तर कागदपत्रं, उद्या तो कोण कसा वापरेल याची आजच चिंता. श्रम वाढतातच.

मग तक्त्यातला पुनर्वापराचा रकाना नीट पाहिला. बऱ्याच जणांनी तिथे 'माहीत नाही' किंवा 'लागू नाही' एवढंच कळवलं होतं. रकान्यात फारसा चढउतारच नाही, तर गणित शिकणार काय? उरलेल्या थोड्या प्रकल्पांतला योगायोग त्यानं नियम म्हणून उचलला. मला यात मशीनपेक्षा फॉर्म भरणारी माणसंच जास्त दिसतात. कंटाळून रकाने सोडून देणारी, अगदी आपल्यासारखी.

पहिला उपाय झटपट होता: ९० टक्के वजन जाणकारांच्या मताला, १० टक्के तक्त्याला. पुढे प्रकल्प १६१ झाले आणि सुनीता चुलानी, बोएम वगैरे मंडळींनी संख्याशास्त्रातली बेझची रीत लावली. तिच्यात सरसकट वाटणी नाही. जाणकारांचं जिथे एकमत, तिथे त्यांचा शब्द जड. तक्ता जिथे ठाम, तिथे तक्त्याचा. अशानं चारातल्या तीन प्रकल्पांचा अंदाज प्रत्यक्षाच्या ३० टक्क्यांच्या आत आला. आणि तो उलटा रकाना? तोही सुलटा झाला: पुन्हा वापरायचा कोड, श्रम जास्त.