मोटारीचा आवाज : किती आणि कसला?

१९०७ सालच्या जून महिन्यांत इंग्लंडमधील सरे परगण्यांत, वेब्रिज गांवाजवळ, ब्रुकलंड्स या नांवाचा मोटारींच्या शर्यतींचा पक्का मार्ग खुला झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस एस्. एफ्. एज् यानें आपली नेपियर मोटार त्या मार्गावर सतत चोवीस तास पिटाळली आणि ताशीं सरासरी पासष्ट मैलांहून अधिक वेग राखून विक्रम केला. विक्रमाची वाहवा झाली. परंतु त्या रात्रीं आसपासच्या रहिवाशांच्या डोळ्यास डोळा लागला नाहीं. त्यांनीं इतका गवगवा केला कीं, रात्रीच्या शर्यतींस त्या ठिकाणीं बंदी झाली. पुढें १९२९ सालीं चोवीस तासांची शर्यत भरवावयाची ठरली, तेव्हां ती बारा-बारा तासांचे दोन भाग करून दोन दिवसांत उरकावी लागली. मधली रात्र मोटारींनीं कुलुपाआड काढली.

१९२० नंतरच्या दशकांत रहिवासी पुन्हां न्यायालयाच्या पायऱ्या चढले, आणि अखेर या मार्गावर धांवणाऱ्या गाड्यांस मोठा सायलेन्सर बसविणें सक्तीचें झालें. एक लांबट जाड डबा आणि त्याच्या टोंकास माशाच्या शेपटीसारखी चपटी पसरलेली नळी, असें त्याचें रूप होतें. मौज अशी कीं, जें बंधन म्हणून लादलें गेलें तेंच पुढें भूषण ठरलें. रस्त्यावरच्या हौशी मंडळींनींही आपल्या गाड्यांस तसले सायलेन्सर मिरवीत बसविले. कारण त्या डब्यांतून येणारा आवाज दबलेला असला तरी भरदार होता. आवाजाचें मान आणि आवाजाचा गुण या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हा धडा ब्रुकलंड्सनें असा आडवळणानें दिला. जुन्या स्पोर्ट्स मोटारीस अधिक आवाजाचा सायलेन्सर निवडूं पाहणाऱ्या आजच्या हौशी मालकासही हाच धडा प्रथम गिरवावा लागतो.

उदाहरणादाखल एम्. जी. बी. ही गाडी घ्यावी. इंग्लंडांत ॲबिंग्डन येथें १९६२ पासून १९८० पर्यंत ती तयार होत होती आणि पांच लाखांहून अधिक गाड्या त्या कारखान्यांतून बाहेर पडल्या. इंजिन चार सिलिंडरांचें, १७९८ घन सेंटिमीटरांचें. कारखान्यानें तिला दोन सायलेन्सर दिले होते. एक गाडीच्या मध्यावर पोटाखालीं आणि दुसरा मागच्या टोंकाशीं. त्यांतून निघणारा आवाज सभ्य, किंचित् घोगरा असतो. उघड्या टपाची, बुटकी, डौलदार गाडी पाहून तिनें सिंहासारखें गर्जावें असें मालकास वाटतें, पण ती गुरगुरते एवढेंच. मग सायलेन्सर बदलण्याचा विचार मनांत घर करतो.

हा आवाज उत्पन्न कसा होतो तें पाहणें अगत्याचें आहे. सिलिंडरांत पेट्रोलचा भडका उडाला कीं, तापलेला वायु झडप उघडतांच दाबानें नळींत घुसतो. हा प्रत्येक दणका म्हणजे नादाचा एक ठोका. अशा चार सिलिंडरांच्या इंजिनांत दर फेऱ्यास दोन ठोके पडतात. मिनिटास ३,००० फेरे होत असतां सेकंदास १०० ठोके झाले. सायलेन्सरचें काम या ठोक्यांची धार बोथट करणें. तें दोन तऱ्हांनीं साधतें. एका तऱ्हेंत डब्यांत आडपडदे व कप्पे असतात; त्यांत वायु वळसे घेतो आणि नादाच्या लाटा एकमेकींवर आपटून विरतात. दुसऱ्या तऱ्हेंत भोंकें पाडलेली एक सरळ नळी डब्यांतून आरपार जाते आणि तिच्याभोंवतीं कांचेच्या किंवा पोलादाच्या तंतूंची भरती असते; ती नाद शोषून घेते. पहिली तऱ्हा अधिक शांत, दुसरी अधिक मोकळी. मात्र दुसरींतील भरती उष्णतेनें जळत व झडत जाते, आणि आज गोड वाटणारा आवाज कांहीं वर्षांनीं कर्कश होतो. विकत घेतांना ऐकलेला आवाज जन्मभराचा नव्हे, हें ध्यानांत ठेवलेलें बरें.

मालकापुढें मुख्यतः तीन मार्ग असतात. पहिला, कारखान्याच्या धाटणीचेच दोन सायलेन्सर ठेवून मागचा तेवढा मोकळ्या जातीचा घेणें. दुसरा, मधला डबा काढून तेथें साधी नळी घालणें आणि एकाच डब्यावर भिस्त ठेवणें. तिसरा, मूळच्या सुमारें पावणेदोन इंची नळीऐवजीं दोन इंची नळी व आरपार डबा बसविणें. पहिल्यांत आवाज थोडा वाढतो आणि त्याचा घुमारा खुलतो. दुसऱ्यांत तो चांगलाच चढतो. तिसऱ्यांत शेजाऱ्यांस गाडीची वार्ता गल्लीच्या तोंडापासून मिळूं लागते.

‘आवाज वाढला म्हणजे शक्तिही वाढली’ अशी एक समजूत हौशी लोकांत मूळ धरून आहे. ती फारशी खरी नव्हे. या इंजिनाच्या माथ्यांत चार सिलिंडरांस वायु बाहेर पडण्याचीं दारें तीनच आहेत. मधल्या दोन सिलिंडरांस एकच दार सामाईक आहे. मूळचें ओतीव लोखंडी मॅनिफोल्डही बऱ्यापैकीं सुटसुटीत आहे. त्यामुळें केवळ मागचा डबा मोकळा केल्यानें या गाडीस नवें बळ चढतें असें नाहीं. माथा, कॅमशाफ्ट व कार्बोरेटर यांत फेरफार केलेल्या इंजिनासच मोठ्या नळीचा खरा उपयोग. शिवाय वायूची वाट बदलली कीं, हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचें प्रमाणही तपासावें लागतें. या गाडीच्या एस्. यू. कार्बोरेटरांत त्यासाठीं निराळ्या मापाची सुई घालण्याचा प्रसंग येतो. कानास वेग भासणें निराळें आणि घड्याळास तो दिसणें निराळें.

याहून मोठी गोष्ट घुमण्याची. तंबोऱ्याची तार छेडली असतां जवळचें भांडें आपोआप झंकारूं लागतें, हें पुष्कळांनीं अनुभविलें असेल. प्रत्येक पोकळीस आपला असा एक स्वर असतो आणि तोच स्वर बाहेरून आला कीं, ती पोकळी त्यास साथ देते. मोटारीची नळी आणि टप घातलेली बैठकीची जागा याही पोकळ्याच. ओव्हरड्राइव्हवांचून ताशीं साठ मैल वेगानें जातांना या गाडीचें इंजिन मिनिटास सुमारें ३,३५० फेरे घेतें, म्हणजे सेकंदास सुमारें ११२ ठोके पडतात. नळीचा स्वर नेमका त्याच्याशीं जुळला, तर जो आवाज गल्लींत पांच मिनिटें वीरश्रीचा वाटला तोच हमरस्त्यावर तासन् तास डोक्यांत घण घालूं लागतो. शेजारीं बसलेल्या सोबत्याशीं बोलणें खुंटतें, कपाळ चढतें आणि लांबच्या सहलीचा बेत हळूहळू मागें पडतो. नव्याचे नऊ दिवस सरले कीं गाडी घरींच उभी राहते. पुष्कळदां मधला डबा काढल्यानेंच हा घुमार वाढतो. म्हणून तो काढण्यापूर्वीं दोनदां विचार करावा.

कानांचा हिशोब तर त्याहूनही कठोर. आवाज मोजण्याचें परिमाण डेसिबल. त्यांत तीनाची वाढ झाली कीं नादाची शक्ति दुप्पट होते आणि दहाची झाली कीं कानास आवाज सुमारें दुप्पट वाटतो. ८५ डेसिबलांच्या आवाजांत दिवसास आठ तास काढणें ही मर्यादा तज्ज्ञ सांगतात, आणि पुढें दर तीन डेसिबलांस ती निम्म्यावर येते. ९४ डेसिबलांस अवघा एक तास उरतो. उघड्या गाडींत वाऱ्याचा घोष आधींच असतो. त्यांत सायलेन्सरची भर पडते. आंतल्या कानांतील सूक्ष्म केशपेशी एकदां मेल्या म्हणजे त्या पुन्हां उगवत नाहींत. ज्या आवाजाच्या हौसेनें गाडी घेतली तो ऐकण्याची शक्तिच तिनें हिरावून घ्यावी, हा सौदा शहाणपणाचा नव्हे.

धातूचीही निवड असते. साध्या पोलादाची नळी स्वस्त आणि तिचा आवाज मऊ. पण आंत सांचणाऱ्या पाण्यानें ती गंजते, विशेषतः गाडी थोडीशीच चालवून ठेवून देणाऱ्याकडे. स्टेनलेस पोलाद पुष्कळ वर्षें टिकतें, पण त्याचा नाद किंचित् टणत्कारी असतो. या गाडीची नळी जमिनीस फार लगटून जाते. म्हणून जाड डबा घेतांना गतिरोधकावर तो आपटणार नाहीं ना, हें पाहावें. सांधे घट्ट असावेत. सांध्यांतून झिरपणारा धूर टपाखालीं शिरला तर त्यांतील कार्बन मोनॉक्साइड वासावांचून घात करतो.

कायदा या बाबतींत काय म्हणतो? ब्रिटनमधील १९८६ च्या नियमांनीं सायलेन्सर सुस्थितींत राखणें बंधनकारक आहे आणि आवाज वाढेल असा फेरफार त्यांत करण्यास मनाई आहे. चाळीस वर्षांवरील बहुतेक गाड्यांस २०१८ पासून वार्षिक तपासणींतून सूट मिळाली, पण या नियमांतून मिळाली नाहीं. भारतांतही १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं प्रत्येक गाडीस आवाज कमी करणारा सायलेन्सर हवाच. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर मोकळा सायलेन्सर लावलेली एखादी फटफटी मध्यरात्रीं गेली म्हणजे हा नियम कां झाला, हें कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. ब्रिटनमधील शर्यतींच्या मार्गांवरही हौशी चालकांच्या गाड्यांचा आवाज दारांतच यंत्रानें मोजतात आणि मर्यादेबाहेरच्या गाडीस परत धाडतात.

तेव्हां निवड करतांना सुज्ञ मालक काय करील? जाहिरातींतील विशेषणांवर तो भुलणार नाहीं. तोच सायलेन्सर लावलेली दुसऱ्या कोणाची गाडी शोधून तींत तो तासभर बसेल, टप उघडून आणि टप घालूनही. आणि नेहमींच्या वेगावर ती घुमते कीं काय हें पाहील. नंतर खालीं उतरून, पहाटेच्या वेळीं थंड इंजिन सुरूं होतांना ती वीस पावलांवरून कशी ऐकूं येते, हेंही शेजाऱ्याच्या कानानें ऐकेल. एकदम टोंकाचा मार्ग न धरतां प्रथम मागचा डबा तेवढा बदलील. आणि काढलेले मूळचे भाग जपून ठेवील, कारण पुढें कधीं मन पालटलें अथवा गाडी विकावयाची झाली तर तेच मोलाचे ठरतात.

ब्रुकलंड्सच्या मार्गावरील शर्यती १९३९ सालीं महायुद्धाबरोबर थांबल्या त्या कायमच्या. आज तेथें संग्रहालय आहे आणि जुन्या मार्गाचे कांहीं उंच कठडे अद्याप उभे आहेत. पहिल्याच महिन्यांत एका रात्रीच्या गर्जनेनें तेथील शर्यतींच्या साऱ्या रात्री गमावल्या, आणि माशाच्या शेपटीच्या एका दबक्या डब्यानें त्यांचे दिवस तेवढे राखले. जुनी गाडी रस्त्यावर राहते ती मालकाच्या पैशावर जितकी, तितकीच लोकांच्या कौतुकावर. ती जातांना दाराशीं आलेल्या मुलानें हात हालवावा, आंतल्या आजारी माणसानें कानांवर हात ठेवूं नये. एवढा आवाज तिला पुरे.