मोजलेला की धरलेला?

(मंडळाच्या ‘छंदकट्टा’ कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)



माझ्या आधी बोललेल्या वहिनींनी ऑर्किडचे इतके सुंदर फोटो दाखवले, की त्यानंतर मी एक्सेलची फाईल उघडणं हा तुमच्यावर अन्यायच आहे. त्यातून कार्यकारिणीने माझ्या भाषणाचं नाव ‘घरगुती पेयांचे नियोजन’ असं छापलं. पन्हं किंवा कोकम सरबत समजून जे आले असतील, त्यांची आधीच माफी मागतो. पेय घरगुती आहे, पण ते बिअर आहे. आणि खरं सांगायचं तर आज मी बिअरबद्दल कमी आणि तिच्या हिशेबाबद्दल जास्त बोलणार आहे.

पहिली शंका लगेच मिटवतो. हे कायदेशीर आहे. जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी एका विधेयकावर सही केली आणि १९७९ च्या फेब्रुवारीपासून घरी, स्वतःपुरती बिअर करायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००. विकायची मात्र नाही. गंमत म्हणजे ‘व्हिजिकॅल्क’ हा घरच्या संगणकावर चालणारा पहिला स्प्रेडशीट प्रोग्रॅमही १९७९ सालीच बाजारात आला. म्हणजे माझे दोन्ही छंद एकाच वयाचे आहेत!

डेन्व्हरच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींना बिअरचं नवल नाही. २००६ च्या नाताळात ऑफिसातल्या मित्राने मला एक बादली, एक पातेलं आणि एक पुस्तक असा संच भेट दिला. पहिल्या दोन बॅचेस जेमतेम झाल्या. तिसरी अशी झाली, की शेजारी पातेलं घेऊन यायचा बाकी राहिला. चौथी पुन्हा तशीच करायला गेलो, तर काय केलं होतं तेच आठवेना! माल्ट किती घेतला, पाणी किती गरम होतं, काही लिहिलेलं नाही. सगळा कारभार अंदाजपंचे. आमची आई ‘चवीनुसार मीठ’ घालून पन्नास वर्षं तीच आमटी करू शकली, कारण ती रोज करत होती. मी दीड महिन्यातून एकदा करणार. मला वहीच पाहिजे होती. वहीची झाली स्प्रेडशीट.

आता थोडं तंत्र सांगतो, कंटाळा आला तर समोशांकडे बघा.

बार्ली, म्हणजे आपले जव, मोड आणून वाळवले की माल्ट होतं. ते भरडायचं, सुमारे १५२ अंश फॅरनहाइटच्या पाण्यात तासभर भिजत ठेवायचं. धान्यातल्या पिठाची साखर होते. ते गोड पाणी गाळून, हॉप्स नावाची कडवट फुलं घालून तासभर उकळायचं, गार करायचं आणि यीस्ट घालायचं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. इडलीचं पीठ फुगतं तशातलाच प्रकार.

यात साखर किती आहे हे कसं कळणार? त्यासाठी हायड्रोमीटर असतो. दुधातलं पाणी पकडायचा लॅक्टोमीटर आठवतो का? त्याचाच भाऊ. काचेची नळी साध्या पाण्यात १.००० दाखवते. पाणी जितकं गोड, तितकी ती वर तरंगते. सुरुवातीला १.०५० आणि शेवटी १.०१२ आलं, तर दोन्हींतला फरक ०.०३८. त्याला १३१.२५ ने गुणा. पाच टक्के अल्कोहोल. हे माझ्या शीटमधलं पहिलं सूत्र.

दुसरं सूत्र उलट्या बाजूने चालतं. मला पाच गॅलन बिअर १.०५० ची हवी आहे. म्हणजे ५० गुणिले ५, असे २५० गुण पाहिजेत. एका पौंड माल्टमधून एका गॅलनला जास्तीत जास्त ३६ गुण मिळतात. पण सगळी साखर कधीच हाती लागत नाही. ७० टक्के लागली असं धरलं, तर पौंडामागे २५ गुण, म्हणजे दहा पौंड माल्ट. मी दहा पौंड घेतले आणि प्रत्यक्षात आले १.०४१! ३६० पैकी २०५ गुण, म्हणजे ५७ टक्के. तीन बॅचेस सलग हेच. शीट नसती तर मी पाण्याला नाहीतर हवेला दोष दिला असता. आकडे बघून कळलं, की दुकानातून भरडून आणलेलं माल्ट फार जाडं होतं. स्वतःची चक्की घेतली, पुढच्या बॅचला ६९ टक्के. दळण बारीक पाहिजे हे खरं म्हणजे आपल्याला लहानपणीच कळायला हवं होतं. गिरणीवर डबा घेऊन कोण जायचं?

तिसरी गोष्ट खास आपल्या गावची. इथे मैलभर उंचीवर पाणी सुमारे ९५ अंश सेल्सिअसलाच उकळतं. म्हणून तर इथे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. तसाच हॉप्सचा कडवटपणाही कमी उतरतो. कडवटपणाची पुस्तकी सूत्रं काही एक मैल उंचीवरच्या घरांसाठी बसवलेली नाहीत. मी शीटमध्ये दहा टक्के जास्त हॉप्स धरतो. हा दहाचा आकडा मी मोजलेला नाही, जिभेवरून धरलेला आहे. म्हणून शीटमध्ये तो पिवळ्या रंगात आहे. हा पिवळा रंग कुठून आला, ते सांगण्यासाठीच मी आज उभा आहे.

२००८ चा जानेवारी. शीट अगदी दृष्ट लागण्यासारखी झाली होती. तारीख घातली की यीस्ट घालायचा दिवस, बाटल्या भरायचा दिवस, सगळं आपोआप. शेवटच्या ग्रॅव्हिटीच्या रकान्यातही मी सूत्र टाकून ठेवलं होतं: या माल्टला, या यीस्टला, दोन आठवड्यांनी १.०१२ येईल. त्या रविवारी संक्रांतीच्या हळदीकुंकवाची घरात गडबड होती. मी तळघरात गेलो, शीट उघडली, १.०१२ दिसलं, समाधान झालं. हायड्रोमीटर धुवायचा कंटाळा केला. साखर घातली, ४८ बाटल्या भरल्या, बुचं लावली.

तळघर थंड होतं. गारठ्याने यीस्ट अर्ध्यातच झोपलं असणार. समजा ग्रॅव्हिटी १.०१८ वर थांबली असेल. नक्की किती होती ते मला कधीच कळणार नाही, कारण मोजलीच नव्हती. एप्रिलमध्ये घर तापलं, यीस्ट जागं झालं आणि बाटलीतल्या उरलेल्या साखरेवर बसलं. बाटलीत तिच्या आकारमानाच्या अडीच पट वायू मुरला की बिअर छान फसफसते. वर आणखी सहा गुणांची साखर आंबली की तो पाच पटींच्या वर जातो. साध्या बाटल्या त्याला पुरत नाहीत.

एका दुपारी तळघरात गोळीबारासारखा आवाज झाला. एक बाटली फुटली, तिच्या धक्क्याने शेजारच्या चार. काचा समोरच्या भिंतीच्या प्लास्टरमध्ये रुतल्या होत्या. त्याच भिंतीपाशी आमची सहा वर्षांची मुलगी रोज शाळेतून आल्यावर बाहुल्यांचं घर मांडून बसायची. शाळा सुटायला अजून वीस मिनिटं होती.

त्यानंतर कितीतरी दिवस मला झोप लागली नाही. सौ. काही बोलली नाही. तिने बाहुल्यांचं घर उचलून वर आणलं, एवढंच. मी जाड कोट, हातमोजे, चष्मा घालून उरलेल्या बाटल्या एकेक करून रिकाम्या केल्या आणि वर्षभर हा छंद बंद ठेवला.

२००९ च्या उन्हाळ्यात माझे वडील इथे आले. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांची सगळी नोकरी गेली. उसाच्या रसाचा ब्रिक्स मोजायचा, उतारा काढायचा. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली तो उतारा, आणि त्याच्याशी उसाचा दर बांधलेला. आण्णांनी आयुष्यात दारूच्या थेंबाला हात लावला नाही. मला वाटलं, तळघरातली बादली बघून चिडतील. ते हायड्रोमीटर हातात घेऊन उजेडात धरून बसले, जुना मित्र भेटावा तसे! मग म्हणाले, “कागद दाखव.”

मी लॅपटॉप दाखवला. त्यांनी प्रत्येक रकाना वाचला. माल्टच्या टक्क्यांवर बोट ठेवून म्हणाले, “हा तुझा उतारा.” आणि मग त्या १.०१२ वर बोट थांबलं.

“हा मोजलास का धरलास?”

मी सगळी हकीकत सांगितली. ते रागावले नाहीत. म्हणाले, “धरायला हरकत नाही रे. गाळप सुरू होण्याआधी आम्हीपण धरायचो. पण धरलेला आकडा मोजलेल्याच्या जागेवर बसवला, तर एखाद्या शेतकऱ्याचं बिल मारलं जातं आणि त्याला कळतही नाही. नाही मोजला, तर जागा मोकळी सोड. मोकळी जागा खोटं बोलत नाही.”

मंडळी, त्या दिवसापासून माझ्या शीटमध्ये प्रत्येक गोष्टीला दोन रकाने आहेत. ‘धरलेला’ पिवळा, त्यात सगळी सूत्रं. ‘मोजलेला’ पांढरा, त्यात एकही सूत्र नाही. तिथे फक्त हाताने आकडा लिहायचा, सोबत तारीख. मोजला नाही तर पांढरी जागा पांढरीच राहते. आणि बाटल्या भरायच्या रकान्यात एक अट घातली आहे: दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजलेली ग्रॅव्हिटी सारखीच आली आणि ती अपेक्षेच्या जवळ असली, तरच तो हिरवा होतो. पांढरी जागा रिकामी असेल तर लाल. पुन्हा एकही बाटली फुटलेली नाही.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण आण्णांचा प्रश्न एकदा घरात शिरला की सगळीकडे फिरतो.

शीटच्या शेवटच्या पानावर साठ्याचा हिशेब होता: किती बाटल्या केल्या, किती पाहुण्यांना, किती भेट दिल्या, किती शिल्लक. २०१२ च्या डिसेंबरात डॉक्टरांकडे वार्षिक तपासणी झाली. यकृताचे आकडे थोडे वर होते. “आठवड्याला किती घेता?” मी ठामपणे म्हणालो, “दोन.” घरी आल्यावर सहज शेवटचं पान उघडलं. नऊ बॅचेस, ४३२ बाटल्या. पाहुणे आणि भेटी मिळून ९६. शिल्लक २२. उरल्या ३१४. घरात पिणारा मी एकटा. आठवड्याला दोनप्रमाणे वर्षाच्या होतात १०४.

दोन हा आकडा मी धरलेला होता.

मी सौ.ला बोलावून स्क्रीन दाखवला. ती शांतपणे म्हणाली, “मला माहीत होता आकडा. बाटल्या धुऊन वाळत कोण घालतं?”

दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांना फोन करून खरा आकडा सांगितला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्टच म्हटलं, की दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित नाही. तेव्हा मी कोणाला ‘करा’ म्हणायला आलेलो नाही. मी वर्षातून चारदा करतो, निम्म्या मापाने, आणि बहुतेक वाटून टाकतो. करण्यातली मजा तेवढीच राहिली. आता प्रत्येक बाटली काढताना पांढऱ्या रकान्यात एक आकडा लिहावा लागतो आणि तो लिहिताना हात जरा अडखळतो. त्या अडखळण्यासाठीच तो रकाना आहे. बाटल्याही आता मीच धुतो.

जाता जाता एक सांगतो. डब्लिनच्या गिनेस कंपनीत १८९९ साली विल्यम गॉसेट नावाचा तरुण रसायनतज्ज्ञ नोकरीला लागला. थोड्याच नमुन्यांवरून किती विश्वासाने बोलावं, हा त्याच्यापुढचा रोजचा प्रश्न. त्याने १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने निबंध लिहिला. आपल्या मुलांना कॉलेजात छळणारी टी-टेस्ट त्यातून आली. म्हणजे बिअरवाल्यांनी जगाला आकड्यांबद्दल नम्र राहायलाही शिकवलं आहे. एका चांगल्या बॅचवरून सिद्धांत मांडू नका आणि एका वाईट बॅचवरून छंद सोडू नका.

आण्णा २०१७ मध्ये गेले. त्यांनी माझी बिअर कधी चाखली नाही, पण फोनवर दर वेळी विचारायचे, “उतारा किती आला?”

कोणाला शीट हवी असेल तर जरूर मागा, आनंदाने देईन. सूत्रं सगळी भरून देईन. पांढरा रकाना मात्र रिकामा असेल, तो ज्याचा त्यानेच भरायचा. तुमचा छंद बिअरचा नसेल, मधुमेहाच्या साखरेचा असेल, चालण्याच्या मैलांचा असेल किंवा मुलांच्या कॉलेजच्या पैशांचा असेल, तरी चालेल. तिथेही दोन रकाने करा.

आता समोसे गार होण्याआधी थांबतो. समोसे किती उरलेत, ते मी मघाशीच मोजले आहेत!

सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा.