वैमानिक, यंत्रज्ञ आणि विनोद



हैदराबाद शहराचा विमानविद्येशी संबंध जुना आहे. निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीतून १९४५ साली डेक्कन एअरवेज ही कंपनी येथे स्थापन झाली. बेगमपेठच्या विमानतळावरून तिची डाकोटा विमाने उडत. मराठवाडाही त्या काळी हैदराबाद संस्थानातच होता. १९५३ मध्ये ही कंपनी इतर कंपन्यांसह इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली आणि २००८ साली प्रवासी वाहतूक शमशाबादच्या नव्या विमानतळावर गेली. विमाने बदलली, धावपट्ट्या बदलल्या. परंतु विमान चालविणारा आणि ते दुरुस्त करणारा यांचे परस्परावलंबन बदललेले नाही.

उड्डाणात आढळलेला दोष वैमानिकाला विमानाच्या नोंदवहीत लिहावा लागतो. त्यापुढे केलेली दुरुस्ती नोंदवून परवानाधारक अभियंता स्वाक्षरी करतो. पुष्कळदा दोघांची भेटही होत नाही. संभाषण होते ते या दोन रकान्यांतून. हँगरांत सांगितल्या जाणाऱ्या कित्येक विनोदांचा साचा याच रकान्यांचा असतो. वैमानिक लिहितो, ‘इंजिनातून अनोळखी आवाज येतो.’ यंत्रज्ञ उत्तर देतो, ‘आवाजाची ओळख करून घेतली. सैल स्क्रू निघाला, घट्ट केला.’ आवाज कोठून व केव्हा आला हे न लिहिणाऱ्याला काढलेला हा चिमटा आहे. शिवाय काम पुरे झाल्याची पावतीही आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात कारण न सापडणारा बिघाड ‘ग्रेमलिन’ नावाच्या खोडकर भुताच्या माथी मारला जाई. त्यामुळे वैमानिकाने यंत्रज्ञाला आणि यंत्रज्ञाने वैमानिकाला दोष देण्याचा प्रसंग टळे. मात्र भुताला हसून झाल्यावर खरे कारण शोधावेच लागे. प्रत्यक्ष नोंद स्पष्टच हवी. थट्टा चहाच्या वेळी.

या हास्याचे मोल केवळ करमणुकीचे नाही. १९७७ साली टेनेरिफ येथे धावपट्टीवर दोन जंबो विमानांची टक्कर होऊन ५८३ जणांचा बळी गेला. समोरचे विमान धावपट्टीवरून दूर झाले आहे काय, अशी शंका उड्डाण करू पाहणाऱ्या विमानातील अभियंत्याने बोलून दाखविली होती; ज्येष्ठ कप्तानाने ती मानली नाही. जेथे लहानमोठे बरोबरीने हसतात, तेथे कनिष्ठाला शंका विचारण्याचे धैर्य येते व ज्येष्ठाला ती ऐकून घेण्याची सवय लागते. वरिष्ठाने कनिष्ठाची केलेली टवाळी मात्र विनोद नव्हे. ती त्याचे तोंड बंद करते.

ही गोष्ट विमानापुरती नाही. एस. टी.चा चालक आणि आगारातील मेकॅनिक, शेतकरी आणि पंप दुरुस्त करणारा, मुख्याध्यापक आणि नवा शिक्षक यांचेही नाते असेच आहे. दोष स्पष्ट सांगावा, दुरुस्ती प्रामाणिकपणे नोंदवावी आणि मग दोघांनी मिळून मनमोकळे हसावे. काम सुरक्षित होते ते अशा विश्वासामुळेच.