अंधाराची वाटणी


कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील वीजगृहांतून वाट काढीत जेथे कोकणात उतरते, त्या चिपळूण नगरीत, वीजजाळ्यांवरील आघातांचा विचार करण्यासाठी आपण दूरदूरच्या इलाख्यांतून आलात, याबद्दल स्वागत समितीच्या वतीने मी आपले अंतःकरणपूर्वक स्वागत करतो. संपूर्ण अंधारात गेलेले जाळे पुन्हा उठविताना बाहेरच्या विजेवाचून सुरू होऊ शकणाऱ्या जलविद्युत केंद्रांचा बहुधा प्रथम आधार घेतात. तेव्हा स्थळही विषयाला साजेसे आहे.

सन 2000 मध्ये आल्बर्ट, जोंग आणि बाराबाशी या संशोधकांनी असे दाखवून दिले की, ज्या जाळ्यात मोजक्या केंद्रांना असंख्य जोडण्या असतात, ते आकस्मिक बिघाड सहज पचविते, परंतु तीच केंद्रे हेरून घाव घातला असता लवकर विस्कळीत होते. आणि वीजजाळ्यात तर पडलेल्या वाहिनीचा भार तत्क्षणी इतर वाहिन्यांवर जातो, त्याही अतिभाराने खंडित होतात, आणि एका उपकेंद्रावरील अरिष्ट पाहता पाहता अनेक प्रांतांवर पसरते.

युक्रेनने हे प्रत्यक्ष भोगले. 10 ऑक्टोबर 2022 पासून रशियाने तेथील वीजव्यवस्थेवर क्षेपणास्त्रांचा जो मारा आरंभिला, त्यात तातडीने नवी न मिळणारी प्रचंड रोहित्रे नेमकी लक्ष्य झाली. 23 नोव्हेंबरला तर अणुवीज केंद्रेही जाळ्यापासून तुटली. तरीही ते जाळे पुन्हा उभे राहिले. त्याचे श्रेय माऱ्याच्या छायेत दुरुस्ती करणाऱ्या कामगारांना आहे, 16 मार्च 2022 रोजी युरोपीय जाळ्याशी जुळलेल्या दुव्याला आहे, आणि माझ्या मते त्याहूनही अधिक, वेळापत्रक लावून शहरेच्या शहरे पाळीपाळीने अंधारात ठेवण्याच्या कठोर निर्णयाला आहे. आघातानंतर, परंतु पडझड पसरण्यापूर्वी, अल्प भार हाताळणारी काही केंद्रे आपण होऊन वगळली तर हानी पुष्कळ आटोक्यात राहते, हे आडिल्सन मॉटर या संशोधकाने 2004 मध्ये गणिताने मांडलेच होते.

मात्र गणितातले ते केंद्र म्हणजे प्रत्यक्षात एखादा तालुका असतो. भारनियमनाची झळ महाराष्ट्रात खेड्यांनी शहरांहून अधिक सोसली आहे, आणि रात्री-अपरात्री मोटार चालू करायला शेतावर जाणाऱ्या माणसाला कोणी विचारले नव्हते. म्हणून अंधार कोणी, किती वेळ व कोणत्या क्रमाने सोसावा याची तजवीज संकटापूर्वी आणि सर्वांसमक्ष झाली पाहिजे. रुग्णालयांचे व पाणीपुरवठ्याचे फीडर आजच वेगळे काढले पाहिजेत. पहिल्याच सत्रात या प्रश्नाला हात घालावा, अशी आग्रहाची विनंती करून मी अध्यक्षमहोदयांच्या हाती कामकाजाची सूत्रे सोपवितो.