जुनी गाडी घेताना
(साक्षरता वर्गातील भाषण)



आज मी तुम्हाला एका टेम्पोची गोष्ट सांगणार आहे. ती माझ्या घरातलीच आहे, आणि तिच्यात चूक माझी आहे.

माझा पुतण्या दुधाचा धंदा करतो. त्याला जुना टेम्पो घ्यायचा होता. नऊ वर्षांची एक गाडी स्वस्तात मिळत होती. तो म्हणाला, "काका, तुम्ही बरोबर चला. तुम्ही शिकलेले. कागद तुम्ही बघा."

मी गेलो. मालकाने चहा दिला. कागद पुढे ठेवले. मी नाव पाहिले, नंबर पाहिला आणि साक्षीदार म्हणून सही ठोकली. चष्मा माझ्या खिशातच होता, तो मी काढलासुद्धा नाही.

पंधरा दिवसांनी माझी सूनबाई, म्हणजे पुतण्याची बायको, कागद घेऊन आली. ती तेव्हा अशाच एका वर्गाला जात होती. चार महिने झाले होते. म्हणाली, "मामंजी, यातली इंग्रजी अक्षरे मला येत नाहीत. पण आकडे येतात. ही तारीख तर गेलेली दिसते."

तो गाडीच्या पासिंगचा कागद होता. मुदत सात महिन्यांपूर्वीच संपली होती! जे तिने वाचले, ते मी हेडमास्तर असून वाचले नव्हते.

पुतण्याने मालकाला विचारले. तो म्हणाला, "पासिंग तेवढे राहिलेय. आठ दिवसांत होईल." पुतण्या तशीच गाडी चालवीत राहिला. पुढच्याच आठवड्यात उताराला ब्रेक लागला नाही. गाडी शेताच्या बांधावर चढली. दूध सांडले. देवाची कृपा, माणूस वाचला. पण रोज सकाळी त्याच टेम्पोत बसून गावची चार पोरे शाळेला जात होती. त्या दिवशी रविवार होता, एवढेच.

मग गाडी आरटीओत नेली. तपासणीत ती नापास झाली. ब्रेक गेलेले, आणि चासीला तडा पडून वर वेल्डिंगचे ठिगळ. दुरुस्तीला बेचाळीस हजार रुपये लागले. सूनबाईच्या पाटल्या गहाण पडल्या. पहिला मालक म्हणाला, "गाडी आहे तशी घेतली. साक्षीला मास्तर होते." यावर मी काय बोलणार?

म्हणून आज मी हे सांगायला उभा आहे. आता नीट ऐका.

पासिंग म्हणजे काय? गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे, असा सरकारी दाखला. टेम्पो, रिक्षा, ट्रक या भाड्याच्या व धंद्याच्या गाड्या. त्यांना हा दाखला लागतोच. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत तो दोन-दोन वर्षांनी घ्यायचा. आठ वर्षांनंतर दरवर्षी. तपासणीत ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, भोंगा, टायर, धूर असे सर्व पाहतात. दाखल्याची मुदत संपली, तर अशा गाडीची नोंदणी कायद्याने वैध मानत नाहीत. मग अपघात झाला, तर विमा कंपनीही वाद घालते.

घरच्या मोटारीचे वेगळे आहे. तिची नोंदणी पंधरा वर्षे चालते. तोवर असे पासिंग नसते. पंधरा वर्षांनी तपासणी करून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. म्हणजे चौदा वर्षांची मोटार कोणी स्वस्तात देऊ लागला, तर समजा, पुढच्या वर्षीची तपासणी तुमच्या गळ्यात येणार. तो खर्च आधीच धरा.

आपण जमीन घेताना काय करतो? सातबारा काढतो. बोजा आहे का पाहतो. गाडीचेही तसेच आहे बरं का.

पहिली गोष्ट. आरसी बुक पाहा. त्यातला चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी आकडा-आकडा ताडून पाहा. चासीवरचा नंबर घासलेला दिसला, तर सरळ घरी या.

दुसरी गोष्ट. पासिंगचे चालू कागद तर पाहाच, पण मागचेही मागा. एक संपल्यावर दुसरा कधी घेतला? मध्ये आठ-दहा महिने रिकामे असतील, तर विचारा, गाडी तेव्हा उभी होती, की बिनपासिंगची पळत होती?

तिसरी गोष्ट. विमा, पीयूसी आणि कराची पावती पाहा. जुन्या गाडीला पर्यावरण करही असतो. दंडाची चलने थकली आहेत का तेही विचारा.

चौथी गोष्ट. गाडीवर कर्जाचा बोजा असला, तर बँकेचे पत्र आणि पस्तीस नंबरचा फॉर्म घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

मालकाच्या तोंडावर विसंबू नका. सरकारच्या परिवहन खात्याचे एमपरिवहन नावाचे ॲप आहे. त्यात गाडीचा नंबर घातला की पासिंग, विमा, पीयूसी यांच्या तारखा दिसतात. घरच्या मुलाला लावायला सांगा, पण वाचा तुम्ही. आरटीओत फी भरून गाडीच्या नोंदीचा उताराही मिळतो.

आणि एवढे करून मिस्त्रीला गाडी दाखवाच. पासिंग हा त्या एका दिवसाचा दाखला. त्या दिवसापुरते दुसऱ्याचे चांगले टायर लावून नेणारेही लोक असतात.

व्यवहार ठरला, की एकोणतीस आणि तीस नंबरच्या फॉर्मवर सह्या करून गाडी लगेच नावावर करून घ्या. विकणाऱ्यानेही हे टाळू नये. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की नोंदणीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. गाडी विकून टाकली, पण नाव तुमचेच राहिले, तर अपघाताची भरपाई तुमच्यावर येईल.

पुतण्याचा टेम्पो आता चालतो. दरवर्षी पासिंग होते. मुदतीची तारीख सूनबाईने खडूने दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवली आहे. पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत. निम्मे पैसे मी माझ्या पेन्शनमधून देतो. ते माझे देणेच आहे.

मला वाचता येत होते, पण मी वाचले नाही. तुम्ही नुकते वाचायला शिकला आहात. तेव्हा कोणी चहा पुढे केला, तर चहा जरूर घ्या. पण सही करण्याआधी कागद हातात घ्या, चष्मा लावा आणि तारीख वाचा. वेळ लागला तर लागू द्या. समोरचा घाई करू लागला, तर आणखी सावकाश वाचा.

एवढे सांगून मी आपली रजा घेतो.