अनुदान येतंय, पण व्याज आधी येतंय

रंकाळ्यावर चालत ऐकणाऱ्यांना नमस्कार, केएमटीत उभं राहून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि पुण्या-मुंबईत रूमवर कुकर लावून ऐकणाऱ्या आपल्या पोरापोरींनाही.

आजचा विषय पैशाचा आहे. सरकार मराठी सिनेमाला अनुदान देतं, हे तुम्ही ऐकलं असेल. किती देतं यावर भांडणं होतात. मला बोलायचंय ते कधी देतं यावर.

मी शिवाजी पेठेतला. आमच्या खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. लहानपणी वाटायचं, कुठल्या तरी फोटो स्टुडिओची जाहिरात असेल. नंतर कळलं, तो बाबूराव पेंटरांच्या आठवणीचा स्तंभ आहे. 1917 साली कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी सुरू झाली, कॅमेरासुद्धा बाबूरावांनी स्वतः बनवला. ‘सैरंध्री’ आली 1920 ला. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल हे सगळे याच कंपनीत शिकले आणि त्यांनी 1929 ला इथंच ‘प्रभात’ काढली.

आता मुद्द्याचं. बाबूरावांना भांडवल दिलं गायिका तानीबाई कागलकरांनी. पाठीशी शाहू महाराज होते. आणि ही मदत सिनेमा तयार व्हायच्या आधी आली. तेव्हा दाखवायला काही नव्हतं. एक पेंटर होता आणि त्याचं वेड होतं, बस्स.

आता आजचं बघू.

1975 च्या सुमाराला महाराष्ट्र सरकारनं करमणूक कर परताव्याची योजना आणली. पहिल्या मराठी सिनेमानं जितका कर भरला, तितका पैसा निर्मात्याला पुढच्या सिनेमासाठी परत. योजना चांगली होती, तिनं बऱ्याच जणांना उभं केलं. पण ज्याचा पहिला सिनेमा चालला त्याला जास्त, ज्याचा पडला त्याला कमी. ज्याचा पहिलाच व्हायचाय, त्याला काहीच नाही.

पुढं थेट अनुदान आलं. त्याची रीत अशी: सिनेमा पूर्ण करायचा, सेन्सॉरचं प्रमाणपत्र घ्यायचं, मग अर्ज. परीक्षण समिती सिनेमा बघते, गुण देते. ‘अ’ दर्जा मिळाला तर 40 लाख, ‘ब’ मिळाला तर 30 लाख. मी जो किस्सा सांगतोय तेव्हाचे हे आकडे.

आमच्या गल्लीतल्या एका मित्रानं सिनेमा केला. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. वडिलांचं दुकान तारण ठेवलं, वर खासगी सावकाराकडून घेतलं. सिनेमा बरा झाला. ‘ब’ दर्जा मिळाला. चौकात अभिनंदनाचा डिजिटल लागला, हलगी वाजली, आम्ही नाचलो पण. रात्री कट्ट्यावर तो मला म्हणाला, “भावा, उद्या सगळे पैसे जाणार.”

गणित तुम्हीच करा. समजा, 50 लाख घेतले, महिना शेकडा दोन टक्क्यांनी. म्हणजे महिन्याला एक लाख व्याज. शूटिंग, एडिटिंग, सेन्सॉर, अर्ज, समिती, असं करत अडीच वर्षं गेली. 30 महिने, 30 लाख. ‘ब’ दर्जाचं अनुदान बरोबर तेवढंच. मुद्दल तसंच उभं.

आणि गंमत बघा, यात कुणी अडवलं नाही. कुणी टेबलाखालून मागितलं नाही. सगळं नियमात झालं. सरकारनं पैसे दिले सिनेमाला, पोचले सावकाराला.

याच महाराष्ट्र फिल्म कंपनीनं 1925 ला ‘सावकारी पाश’ काढला होता. कर्जापायी शेतकऱ्याची जमीन जाते आणि तो शहरात गिरणीत मजुरीला जातो, अशी गोष्ट. शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. त्या गोष्टीला शंभर वर्षं झाली. आता त्या शेतकऱ्याच्या जागी आमच्या गल्लीतला निर्माता आहे.

आता तुम्ही म्हणाल, “आधी पैसे दिले आणि हा पठ्ठ्या पळून गेला तर?” बरोबर आहे. शेवटी तो तुमच्या-माझ्या कराचा पैसा आहे. नुसतं अनुदान लाटायला काढलेले सिनेमेपण असतात, म्हणूनच ती समिती आहे. ती राहू दे.

पण आधी पैसे देणं हे काही स्वप्न नाही. आपल्याच देशात 1960 ला फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन सुरू झालं, सिनेमा बनवायला कर्ज द्यायला. मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ त्याच पैशावर 1969 ला झाला. फ्रान्समध्ये सिनेमाच्या तिकिटावर कर घेतात आणि त्यातला काही भाग पटकथा वाचून, शूटिंगच्या आधी आगाऊ देतात. 1959 पासून.

म्हणून मला वाटतं, रक्कम वाढवण्याआधी हप्ते पाडा. पटकथा मंजूर झाली की पहिला हप्ता. शूटिंगचा हिशोब दाखवला की दुसरा. दर्जा ठरला की उरलेला. घर बांधायला कर्ज घेतल्यावर बँक असंच करते. जोतं झालं की एवढे, स्लॅब पडला की एवढे. मग सिनेमालाच का नाही?

दुसरी गोष्ट, मोरेवाडीच्या माळावर आपली चित्रनगरी आहे. मधली कितीतरी वर्षं ती ओसाड पडली होती, आता तिथं काम चालतं. पहिलाच सिनेमा करणाऱ्या पोरांना जागा आणि सामान उधारीवर मिळू दे, अनुदानातून कापून घ्या. रोख पैसा कमी लागला की सावकाराची पायरी चढायची वेळपण कमी येते.

माझा मित्र आता लग्नांचं शूटिंग करतो. चांगलं करतो. दुकान अजून सुटायचंय. दुसऱ्या सिनेमाची पटकथा त्याच्याकडं तयार आहे, मी वाचलीय, पहिल्यापेक्षा भारी आहे. परवा विचारलं, “कधी करायचा?”

म्हणाला, “पहिला फिटला की.”

तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर त्याला हा भाग पाठवा. आणि त्यानं सिनेमा काढलाच, तर पहिल्या आठवड्यातच तिकीट काढून बघा. दुसऱ्या आठवड्यापर्यंत तो थेटरात टिकेल याची खात्री नाही.

चला, भेटू पुढच्या भागात.